मदतनीस दैवशाला, बारावी पास

दैवशाला अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली तेव्हा तिचा आदिनाथ पाचवीत होता. गाव टेंभुर्णीपासून जीपनं वीस मिनिटांवर. पोरांना घरोघर जाऊन गोळा करायचं, खोली झाडायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची आणि एखाद्यानं चड्डी ओली केली की तीही धुवायची, असं काम. शिकवायचं काम सेविकेचं, म्हणजे गोजरबाईंचं. अशी चौदा वर्षं गेली. त्यात गोजरबाईंचे गुडघे गेले, चष्मा जाड झाला, आणि गाणी म्हणून घ्यायची, वजनं करायची, मोबाइलवर माहिती भरायची हे निम्मं काम हळूहळू दैवशालाच्या अंगावर आलं. हुद्दा तेवढा मदतनिसाचाच राहिला.

एक दिवस गोजरबाईच म्हणाल्या, "दैवशाला, मी अजून दोन वर्षं. बारावी झालेली मदतनीस असली तर सेविकेची जागा आता तिलाच भेटती. तू दहावीवर बसलीस. बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भर अन् बारावी करून टाक."

"आता? घरात सून आली, बाई."

"मंग सुनेकडून शिक."

दोघी हसल्या. पण हसून झाल्यावरही ते डोक्यातून जाईना. दहावीला तिला एकसष्ट टक्के होते. निकाल लागला त्याच उन्हाळ्यात लग्न लागलं होतं, आणि त्या एकसष्ट टक्क्यांचं पुढं कुणी नावही काढलं नव्हतं.

नवऱ्याला, भुजंगला विचारलं तर तो म्हणाला, "कर की. घरचं सांभाळून कर." तिला ती परवानगीच वाटली. त्यातला 'सांभाळून' केवढा मोठा आहे ते पुढं कळलं. टेंभुर्णीच्या कॉलेजात क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "मुलीचा फॉर्म का?" ती म्हणाली, "माझाच." तेव्हा त्यानं मान वर केली.

पाचला उठायचं. पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, अंथरुणाला खिळलेल्या सासूला धुवून-पुसून घ्यायचं, दोघा बापलेकांचे डबे करायचे आणि अंगणवाडी गाठायची. दुपारी परत येऊन कापूस फुटला असेल तर वेचायला, नाहीतर खुरपायला. यात अभ्यासाला जागा कुठं? तिनं ती उकरून काढली. खिचडी शिजेपर्यंत इतिहासाची दोन उत्तरं व्हायची. पोरं जेवत असताना तिचं अर्थशास्त्र चालायचं. मीटिंगला जाताना जीपमध्ये चौघींच्या मध्ये दबून ती राज्यशास्त्र पाठ करायची.

इंग्रजी मात्र शीतलनं शिकवलं. शीतल तिची सून, बारावी झालेली, कडेवर वर्षाचं लेकरू. दुपारची भांडी घासता घासता ती म्हणायची, "आत्याबाई, आजचे दहा शब्द." दैवशाला राखेचा हात तसाच धरून स्पेलिंग म्हणायची. चुकली की शीतल हसायची नाही. परत म्हणून घ्यायची. पत्र कसं लिहायचं, उताऱ्यातून उत्तर कसं शोधायचं, सगळं तिनंच बसवून घेतलं.

एकदा पाहुणे आले. भुजंग त्यांना म्हणाला, "थांबा थोडं, बाईसाहेब अभ्यासाला बसल्यात. चहाला उशीर व्हईल." सगळे खो खो हसले. दैवशालानं पुस्तक मिटलं आणि चहाला उठली. असं हसणं त्या वर्षात पुष्कळदा झालं. कुणी तिला नाही म्हणालं नाही, कुणी पुस्तक फेकलं नाही. नुसतं हसायचे आणि काम सांगायचे.

परीक्षा आली ती हरभऱ्याच्या सोंगणीत. इंग्रजीच्या आदल्या दिवशी भुजंग म्हणाला, "पेपर उद्याय ना? मंग आज चल. घाटे फुटून चालले."

"मला आजचा एकच दिवस पाहिजे हो."

"वर्षभर काय केलं मंग?"

ती गेली. अंधार पडेपर्यंत सोंगणी केली. दुसऱ्या दिवशी तालुक्याला, जाफराबादच्या केंद्रावर पेन धरताना बोटं आखडत होती. बाकी सगळे विषय निघाले, इंग्रजीत एकोणतीस पडले. जुलैला परत बसली. या खेपेला शीतलनं शेताचं आणि आजेसासूचं दोन्ही स्वतःकडं घेतलं आणि तिला आठ दिवस खोलीत कोंडल्यासारखं बसवलं. एक्केचाळीस मार्क आले. गोजरबाईंनी स्वतः पेढे वाटले. भुजंग म्हणाला, "झालं ना एकदाचं? आता तरी जेवण टायमावर भेटंल."

गोजरबाई निवृत्त झाल्या आणि दैवशालाला जाफराबादच्या ऑफिसचं पत्र आलं. पदोन्नती मान्य आहे की नाही, आठ दिवसांत लेखी कळवा. त्या संध्याकाळी बापलेक तिच्यासमोर येऊन बसले. असे समोर ते कधी बसत नसत.

भुजंगनं सुरुवात केली. "तुझं वय चव्वेचाळीस. शीतल तेवीस वर्षांची. तू नकार लिहून दिला तर जागा भरतीला निघती. तिचा अर्ज टाकू. तिची चाळीस वर्षं नोकरी व्हईल."

"अन् माझी?"

"तुझं मदतनिसाचं कुठं चाललं? ते आहेच की."

आदिनाथ म्हणाला, "आई, तू एवढं कुणासाठी करून राह्यलीस? आमच्यासाठीच ना?"

दैवशालानं दाराकडं पाहिलं. शीतल लेकराला घेऊन चौकटीत उभी होती. खाली मान घालून ती लेकराचं नाक पुसत होती, पुसलेलंच परत पुसत होती. दैवशालाच्या मनात आलं, आपली बारावी अर्धी हिचीच आहे. आणि हेही आलं, की आपण नाही म्हणालो तर उद्यापासून या घरात आपल्याला कसं वागवतील. कोणतं आधी आलं, ते तिला आजही सांगता येत नाही.

नकाराचं पत्र तिनं स्वतः लिहिलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

गोजरबाईंना कळलं तशा त्या काठी टेकत घरी आल्या. "कागद परत आण! जल्दी जा!" दैवशाला सकाळच्या जीपनं जाफराबादला गेली, घरी न सांगता. ऑफिसात म्हणाले, कागद वर गेला.

भरतीला सात अर्ज आले. निवड मार्कांवर. शीतलला बारावीला अठ्ठेचाळीस टक्के, तिचा नंबर पाचवा लागला. जागा गावाच्या खालच्या आळीतल्या राजानंदच्या सुनेला, मोनालीला मिळाली. ती बी.ए., वर डी.एड. भुजंग दोनदा जाफराबादला जाऊन भांडून आला आणि म्हणाला, "आपल्या नशिबात न्हाई." त्यातलं 'आपल्या' ऐकून दैवशालानं ताटात वाढायचं थांबवलं, भाकरी त्याच्यापुढं टोपल्यासकट ठेवली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. एवढंच तिनं केलं.

मोनाली वाईट नाही. पहिल्याच दिवशी "मावशी" म्हणाली. तासाभरानं म्हणाली, "मावशी, मोबाइलवर वजनं कशी भरायची, दाखवता का?" दैवशालानं दाखवलं. पोरांना गाणं म्हणायला उभं केलं. मग खिचडी ढवळायला मागं गेली.

त्याच आठवड्यात दुपारी भांडी घासताना शीतल रडायला लागली. "आत्याबाई, मी जागा मागितली नव्हती."

"ठाऊके मला."

"मंग सही कशाला केली तुम्ही?"

दैवशाला तवा घासत राहिली. "तू नको म्हणशील म्हणून थांबले होते. बराच वेळ थांबले."

शीतलचा हात पाण्यात तसाच राहिला. "मला वाटलं, तुम्हीच त्यांना न्हाई म्हणाल."

दैवशालानं तवा धुवून पालथा घातला. दैवशालाच्या निवृत्तीला अजून एकवीस वर्षं आहेत.