वीतभर गादी

गादीवाल्याच्या दुकानात काउंटरच्या वर एक पाटी होती: ‘आधी बसा, मग बोला’. मोटरसायकलच्या सीटा शिवून देण्याचं दुकान ते. कोणी जुनी गाडी घेऊन आलं आणि म्हणालं, सीट जरा बारीक करा, मागे निमुळती, गाडी दिसली पाहिजे, की गादीवाल्याची टकळी सुरू. “कुणाला दिसली पाहिजे? रस्त्यावरच्यांना? ते बसणार आहेत का हिच्यावर? बसणार तुम्ही. मागे बसणार तुमचं माणूस. त्याला विचारलंत?” गिऱ्हाईक ओशाळायचं आणि निमूटपणे रुंद सीटचं माप द्यायचं.

माप घ्यायची त्याची रीतही त्याची स्वतःची. बाकावर फोमचा ठोकळा ठेवायचा, त्यावर काळं कापड, कापडावर खडूची पूड, आणि म्हणायचं, बसा. माणूस उठला की भार कुठे पडला ते कापडावर उमटलेलं असायचं. मग त्याबरहुकूम सुरी चालवायची. जुनी झिजलेली सीट हातात आली तर मालकाला न बघता तो सांगायचा, हा डावीकडे कलतो, याची कंबर धरते, हा सारखी चुळबुळ करतो. ऐकणारे तोंडात बोटं घालायचे. गादीवाल्याला ते आवडायचं. जरा जास्तच आवडायचं.

अशा माणसाने पन्नाशी ओलांडल्यावर स्वतःच्या गाडीचं काय केलं, ते सांगायचं आहे. त्याला स्वतःला सांगायची लाज वाटते, म्हणून आपणच सांगू.

गाडी लग्नानंतर वर्षभराने घेतलेली. लांब सपाट सीट, मागे धरायला कडी, बाजूला पिशवी अडकवायचा आकडा. देखणी कधीच नव्हती. बायको दवाखान्याच्या कपडेखात्यात फाटक्या चादरी शिवायच्या कामाला. रोज सकाळी तिला तिथे सोडायचं आणि मग दुकान उघडायचं, असा सव्वीस वर्षांचा शिरस्ता. सीटवर दोन खळगे पडले होते, पुढचा त्याचा, मागचा तिचा.

मग एकदा तो जुन्या गाड्यांचं प्रदर्शन बघून आला आणि याच्या डोक्यात भूत शिरलं. तिथे याच्याच गाडीची एक बहीण उभी होती. एकट्यापुरती बारीक सीट, मागचं सगळं उडवलेलं, टाकीपासून मागच्या चाकापर्यंत एकच वळण. गादीवाला तिच्याभोवती तीनदा फिरला. घरी आला तो जेवणात लक्ष नाही. आठवड्याने गाडी घेऊन वेल्डरकडे हजर.

वेल्डर याचा जुना दोस्त. तो म्हणाला, “गाद्या, चेसी कापू नकोस. जुनी सीट काढून ठेव, नवी बोल्टवर बसव. हौस फिटली की परत लावशील.”

“बोल्ट दिसतात रे. वळण तुटतं.”

“आणि वहिनी कुठे बसणार?”

“तिचं मी बघतो. गादीवाला मी आहे की तू?”

मागची वीतभर चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडाच, कापून टाकली. कडी गेली, आकडा गेला. गाडी घरी आणली तेव्हा बायको दारात आली, ओल्या हाताने टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “छान दिसते हो.” मग हसून म्हणाली, “मी कुठे बसू?”

“करतो ना तुझ्यासाठी काहीतरी.”

केलं. मागच्या मडगार्डवर रबरी चकत्यांनी चिकटेल अशी वीतभर गादी केली. फोम दोन बोटं जाड, कारण जास्त जाड केली तर गादीचा उंचवटा दिसायचा. पाय ठेवायच्या दांड्या वर घेतल्या, कारण खाली त्या लोंबल्यासारख्या दिसायच्या. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण दिसण्याचं होतं. अख्ख्या गावाचं माप घेणाऱ्या या गृहस्थाने त्या गादीसाठी बायकोला खडूवर बसवलं नाही. गरजच वाटली नाही, घरचंच माणूस.

ती बसायची. गुडघे पोटाशी, एक हात त्याच्या खांद्यावर, एक हात स्वतःची पिशवी सांभाळायला. गतिरोधक आला की तिच्या तोंडून बारीकसा आवाज यायचा. दोन महिने असे गेले. मग एका सकाळी ती म्हणाली, “उद्यापासून मी चालत जाते. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.”

“चांगलंच आहे की,” तो म्हणाला. आणि त्याच दिवशी ती गादी मडगार्डवरून काढून त्याने दुकानातल्या चिंध्यांच्या टोपलीत टाकली. ती नसताना वळण किती स्वच्छ दिसतं, ते बघत चहा प्यायला. पुढे गाडीला प्रदर्शनात बक्षीस मिळालं, गाडीशेजारी कंबरेवर हात ठेवून त्याचा फोटो निघाला. फोटो लावायला दुकानात चांगली जागा एकच होती, पाटीची. पाटी दाराआड गेली.

पाचेक महिने ऐटीत गेले. मग एका दुपारी दवाखान्याच्या कपडेखात्याच्या मुख्य बाई दुकानात आल्या. हातात भलीमोठी पिशवी. शिवणाऱ्या बायकांच्या स्टुलांवरच्या पाच गाद्या होत्या, फोम बसलेला, कापड विरलेलं. “तुमच्या घरचंच माणूस आमच्याकडे आहे, म्हणून तुमच्याकडेच आणल्या,” त्या म्हणाल्या.

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. गादीवाल्याला चेव आला. त्याने पहिली गादी उचलली, दाबली, उलटी केली. “या बाई दर पाच मिनिटांनी उठतात.” मुख्य बाई हसल्या, बरोबर होतं. दुसरी, “या पुढे सरकून बसतात, चष्मा बदलायला झालाय.” तेही बरोबर. गिऱ्हाइकं पुढे सरकली. तिसरी गादी त्याने हातात घेतली आणि जरा गंभीर झाला. डावी बाजू पार तळाला गेलेली, उजवी नव्यासारखी.

“या बाई उजवी बाजू टेकतच नाहीत,” तो म्हणाला. “खुब्याचं दुखणं आहे. आजकालचं नाही, सहा-सात महिन्यांचं तरी असेल. अख्खा दिवस एका अंगावर बसून काढतात.” मुख्य बाई पिशवीची घडी घालू लागल्या. गिऱ्हाइकं ऐकताहेत म्हटल्यावर याची जीभ आणखी सैल सुटली. “घरी कुणी बघणारं नाही का हो यांना? नवरा आहे?”

“आहे,” बाई म्हणाल्या.

“मग डोळे फुटलेत का त्याचे?”

बाईंनी वर फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “गादीवाले,” त्या हळू म्हणाल्या, “ही तुमच्या घरच्यांची आहे.”

गादीवाल्याच्या हातात ती गादी तशीच राहिली. दोन्ही गिऱ्हाइकं एकदम आपापल्या पायांकडे बघू लागली.

“चालते ना ती,” त्याने कसंबसं विचारलं, “डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून?”

“डॉक्टरांनी तर चालू नका म्हणून सांगितलंय. मी होते बरोबर. पाऊण तास चालून येतात आणि आल्यावर दहा मिनिटं भिंतीला टेकून उभ्या राहतात, मग बसतात.” बाईंना वाटलं असावं की आपण जास्त बोललो. गाद्या तिथेच ठेवून त्या निघून गेल्या.

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं त्याला. पण ती काही घेत नाही, दुकान सांभाळावंच लागतं. ते त्याने सांभाळलं नाही. कुलूप लावलं. तिची सुटायची वेळ होत आली होती. सवयीने गाडीची किल्ली काढली, आणि गाडीसमोर उभं राहिल्यावर लक्षात आलं की आणायला जाऊन उपयोग नाही. आणणार कशावर? बक्षिसाची गाडी दारात सोडून तो चालत निघाला.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर त्याला बघून ती घाबरलीच. “काय झालं? बरं नाही का?”

“काही नाही. चालावं म्हटलं तुझ्याबरोबर.”

ती चालू लागली. औषधांच्या दुकानाच्या पायरीशी आली आणि बसली, सहज बसल्यासारखी. दोन मिनिटांनी उठली. मग शाळेच्या भिंतीचा कठडा. मग बसथांब्याचा बाक. “हा बरा आहे,” ती म्हणाली, “पाठ टेकता येते. कठडा दुपारी तापतो.” अख्ख्या रस्त्यावर कुठे कसं बसता येतं, हे तिला पाठ झालं होतं. हा आयुष्यभर बसायच्या जागा करत आला, आणि त्याची बायको गावभर बसायच्या जागा शोधत फिरत होती. बाकावर तिच्या शेजारी बसताना त्याला लाज वाटली, नुसती नाही, अंग चोरून घ्यावं इतकी. येणारी-जाणारी माणसं ओळखीची होती. हात करत होती. एकाने तर विचारलं, “काय गादीवाले, आज गाडी नाही?” त्याने मान वर केली नाही.

“मला सांगायचंस ना,” तो शेवटी म्हणाला.

“तुम्ही इतके खूश होता.” ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. जरा थांबून म्हणाली, “आणि विचारलं होतं मी. पहिल्याच दिवशी. मी कुठे बसू म्हणून.”

“चुकलो गं,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत हा शब्द तिने त्याच्या तोंडून बहुधा पहिल्यांदा ऐकला, कारण ती आधी हसली आणि मग तिने तोंड दुसरीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी तिला रिक्षात बसवून तो गाडी घेऊन वेल्डरकडे गेला. वेल्डर पोटभर हसणार, टोमणे मारणार, हे धरूनच गेला होता. वेल्डरने त्याचं तोंड पाहिलं आणि सरळ काम हातात घेतलं, ते जास्त लागलं. वीतभर चेसी परत जोडली. जोड दिसत होता, जाडजूड, वळणाचा सत्यानाश झालेला. पायाच्या दांड्या खाली आल्या, मागे कडी आली.

रविवारी तो बायकोला दुकानात घेऊन आला. फोटो उतरवलेला होता, पाटी अजून दाराआडच. ती परत लावायची त्याची छाती होत नव्हती. बाकावर दोघांच्या सीटसाठी फोमचा लांब ठोकळा, वर काळं कापड, कापडावर खडू.

“बस,” तो म्हणाला.

“या वयात माझं माप?” तिने हसून पदर सावरला आणि बसली. उठली तेव्हा कापडावर खूण उमटली होती. पुढे हातभर जागा कोरी, आणि अगदी शेवटच्या काठावर, वीतभर जागेत, तीही फक्त डावी बाजू. लांबच्या लांब ठोकळ्यावर ती मडगार्डवरच्या त्या गादीइतकीच जागा घेऊन बसली होती.

त्याने कापड झटकलं, पुन्हा खडू पसरला. “परत बस. पुढे सरक जरा.”

ती सरकली, चार बोटं.

“अजून. सगळी तुझीच आहे.”

ती आणखी थोडी सरकली, तेवढ्यात थांबली आणि मागे वळून खरंच काळजीने म्हणाली, “अहो, पण तुम्हाला पुरेल ना जागा?”

गादीवाला खडू घेऊन खाली वाकला आणि तिला तोंड दिसू नये म्हणून बराच वेळ वाकूनच रेघ मारत राहिला.