वहीतलं ‘गेट’चं पान

माझ्या वहीत एकाच इंग्रजी क्रियापदाला अकरा पानं दिलेली आहेत, आणि अकराही पानांवर एकच बाई आहे. क्रियापद ‘गेट’. बाई म्हणजे आमच्या रिसॉर्टवरची हाउसकीपिंगची सुपरवायझर. तोंडावर आम्ही सगळ्या तिला मॅडम म्हणतो. इथं मी ‘ती’ म्हणणार आहे. वहीतही तीच आहे.

मी आठवीत शाळा सोडली. गाव बीडकडं. नवऱ्याला खालापूरच्या एका कारखान्यात टेंपोवर काम मिळालं म्हणून आम्ही इकडं आलो आणि भिसेगावात खोली घेतली. परक्या गावात मला पहिल्यापासून धाकधूक. घराबाहेर पडताना गॅसचं बटन मी तीनदा बघते, कुलूप दोनदा ओढते, आणि रिक्षात बसल्यावर पुन्हा वाटतं, बघितलं का खरंच? घरमालकीण हसायची. ‘बंद हाय गं बाय, मी बगितला. जा तू.’ मालकीण जवळच्याच एका भातशेतीच्या गावातली, बोलायला मोकळी. तिनं मला पहिल्या महिन्यात चुलीपासून चटईपर्यंत सगळं वापरायला दिलं. तिचे उपकार वेगळे लिहावे लागतील.

रिसॉर्टवर मला खोल्यांचं काम मिळालं. तिथं सकाळी आठला लाइन लागते. कामं वाटायच्या आधी एकेकीनं पुढं यायचं आणि पाहुण्यांशी बोलायचं एक इंग्रजी वाक्य मोठ्यानं म्हणायचं. आम्ही बहुतेक जणी आजूबाजूच्या गावांतल्या, काही माझ्यासारख्या देशावरच्या. वाक्य पाठ असायचं, पण पुढं आलं की घशात अडकायचं. मग ती कानामागं हात धरायची आणि म्हणायची, ‘आवाज येत नाही.’ पुन्हा म्हटलं की पुन्हा तेच. एकदा माझ्याकडून तिनं सहा वेळा म्हणवून घेतलं. स्वयंपाकघरातली माणसं खिडकीतून बघत होती.

तेवढं मी गिळलं असतं.

एका सकाळी सात नंबरच्या कॉटेजमधला गिझर रात्रभर चालू राहून जळाला. आदल्या दिवशी ती खोली मी झाडली होती. पण गिझर मी बंद केला होता. हे मी छातीवर हात ठेवून सांगते, कारण तीन-तीनदा बघणारी बाई आहे मी. उलट पाहुणे लवकर येणार म्हणून संध्याकाळी तो चालू करायला तीच गेली होती, हे माळ्यानं पाहिलं होतं. तिनं मला ऑफिसात बोलावलं, इंग्रजीत लिहिलेला एक कागद पुढं सरकवला आणि गोड आवाजात म्हणाली, ‘सही कर गं इथं. नुसती माहिती आहे.’

मी सही केली. सही माझी चांगली आहे, वळणदार. शाळेतून तेवढीच घेऊन आले होते. तिनं ‘वा!’ म्हटलं आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं आठवलं की आजही कान तापतात.

तीन महिन्यांनी कायम होणाऱ्यांची यादी लागली. त्यात मी नाही. मॅनेजर साहेबांना विचारायला गेले तर ते म्हणाले, ‘गिझर तुमच्याकडून चालू राहिला, असं तुम्हीच लिहून दिलंय ना?’ त्याच दिवसापासून मला खोल्यांवरून काढून भांड्यांवर टाकलं.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसून रडत होते. मालकिणीची लेक कॉलेजात शिकते, ती शेजारी येऊन बसली. सगळं ऐकून म्हणाली, ‘ताई, तुम्ही इंग्रजी वाचायला शिका.’

‘या वयात?’

‘कादंबरी नाही वाचायची. कागद वाचायचाय. एकच क्रियापद धरा, त्याच्यामागं छोटे-छोटे शब्द लावत जा. निम्मं काम होतं.’

रोज तिन्हीसांजेला चहा होईपर्यंत ती शिकवायची. तिनं ‘गेट’ दिलं. मला वाटलं, मिळणं, झालं. तर नाही. गेट अप म्हणजे उठणं. गेट बाय म्हणजे आहे त्यात कसंबसं निभावणं. गेट थ्रू म्हणजे त्यातून पार पडणं. गेट अलाँग म्हणजे एकमेकांशी जमणं. गेट ओव्हर म्हणजे दुःखातून सावरणं. मी चक्रावले. मग एक दिवस भांडी घासताना मला ते आपोआप कळलं. ‘गेट’ ही एक बाईच समजायची, एकटी भेटली तर साधी. तिच्या मागं कोण उभं आहे ते बघायचं, त्याप्रमाणं तिचा चेहरा बदलतो. आमची मॅडमही तशीच. एकटी असली की चहा विचारते, मागं मॅनेजर असला की ओळख देत नाही.

लेक म्हणाली, प्रत्येक शब्दाचं वाक्य तयार करा. मी केली. मॅडम सहाला गेट अप होते. मॅडमचं कुणाशी गेट अलाँग होत नाही. मग लेकीनं नवीन शब्द दिला, गेट अवे विथ. चूक करून शिक्षेवाचून सुटणं. त्या शब्दाची मी नऊ वाक्यं लिहिली. दुसऱ्या दिवशी गेट बॅक अॅट, म्हणजे उट्टं काढणं. त्याला दोन पानं लागली.

लेकीनं वही चाळली आणि मोठ्यानं हसली. ‘ताई, हिच्याशिवाय दुसरं कुणीच नाही का जगात?’

आतून मालकीण ओरडली, ‘नवऱ्याचा पन एक लिव गं! त्याला काय वाटंल?’

नवऱ्याचं मी लिहिलं. तो गेट बाय करतो. पण रात्री पाठ करायला मी मॅडमचीच पानं काढायची. खोटं कशाला सांगू, अभ्यासाची गोडी म्हणतात ती मला नव्हती. मला तो कागद हवा होता. माझ्या वळणदार सहीचा.

वर्ष झालं. तोवर लेकीनं माझ्याकडून बिलं, पावत्या, हाताला येईल तो इंग्रजी कागद वाचून घेतला होता. पावसाळ्यानंतर धुलाईवर एक नवी बाई आली, डोंगरातल्या वाडीवरची. अबोल. चादरी मात्र अशा वाळत घालायची की इस्त्रीची गरज पडू नये. एका सोमवारी लाइन लागली होती. सोमवारी मॅनेजर साहेब स्वतः लाइनीला उभे राहतात. आदल्या दिवशी हॉलमधला मोठा आरसा फुटला होता. तिनं त्या बाईला पुढं बोलावलं, हातात कागद दिला आणि म्हणाली, ‘सही कर. येत नसेल तर अंगठा चालेल. नुसती माहिती आहे.’

तेच शब्द. तोच गोड आवाज. मनात आलं, गप बस, भांड्यांचं काम तरी आहे, तेही जाईल. आणि तेवढ्यात मी पुढं गेलेही होते.

‘साहेब, मी वाचू का?’

‘तू काय वाचणार?’ ती म्हणाली.

साहेबांनी ‘वाचू दे’ असा हात केला. मी कागद घेतला. दोन्ही हातांनी धरला. एकेक शब्द इंग्रजीत म्हटला आणि मग सगळ्यांना कळेल असं मराठीत सांगितलं. हॉल पुसताना आरसा माझ्याकडून पडला. ही माझी चूक आहे. एक लांब शब्द मला आला नाही. तसं सांगितलं, ‘हा येत नाही, साहेब. पण त्याच्या आधी ‘माझा’ लिहिलंय.’

वाडीवरची बाई पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. ‘मी कदी गेले हालमंदी? मी तवा गच्चीवर चादरी घालीत हुते. या सगल्यांनी बगितलंय.’

‘व्हय,’ लाइनीतून दोघी-तिघी म्हणाल्या.

साहेब मॅडमकडं बघत राहिले. ती म्हणाली, घाईत लिहिलं, गैरसमज झाला. मला कळलं की आता ती सुटणार. गेट अवे विथ. नऊ वाक्यं लिहिली होती मी.

‘साहेब, माझाही एक कागद आहे फायलीत,’ मी म्हटलं. ‘गिझरचा. तो इथंच वाचा. मी नाही, मॅडमनी वाचावा. आणि मग माळीदादांना विचारा.’

साहेबांना ते आवडलं नसावं, पण चाळीस माणसं बघत होती. फाइल आली. ती कागद धरून उभी राहिली आणि पुटपुटायला लागली. मी अगदी समोर होते. मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

मी कानामागं हात धरला.

‘आवाज येत नाही, मॅडम.’

लाइनीत कुणीतरी फिसकन हसलं. तिनं पुन्हा सुरुवात केली. मी पुन्हा म्हटलं. सहा वेळा म्हणणार होते, चारला साहेबांनी थांबवलं. मग माळीदादांनी जे पाहिलं होतं ते सांगितलं. तिचे डोळे भरले होते. मला दया यायला हवी होती, असं मालकीण म्हणते. नाही आली.

साहेबांनी दोन्ही कागदांवर काट मारली आणि मला पुन्हा खोल्या दिल्या. कायम करण्याचं विचारलं तर ‘बघू’ म्हणाले. तिची नोकरी आहे तशीच आहे. पण एक नियम झाला. कुठलाही कागद सहीआधी लाइनीत मराठीत वाचायचा, आणि तो तिनंच वाचायचा.

लेक म्हणते, ‘ताई, आता गेट ओव्हरचं एक वाक्य लिहा ना.’ त्यासाठीचं बारावं पान मी कोरं ठेवलंय.

काल लाइनीत पाण्याच्या टँकरची सूचना होती. टँकर अकराला येणार, नळ जपून वापरा. दोन ओळी. तिनं खणखणीत वाचल्या, मागच्या रांगेपर्यंत पोचल्या. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी कानामागं हात नेला.