ललिताची कढई

इंदिरानगरात ललिताचं नाव विचारलं तर लोक डोकं खाजवतील, पण ‘चिरोटेवाल्या काकू’ म्हटलं की रिक्षावालासुद्धा बरोबर दारात आणून सोडेल. चिरोटा हा सगळा पदरांचा खेळ. हातात घेतला की चुरा झाला पाहिजे आणि तोंडात टाकला की होता की नव्हता असं वाटलं पाहिजे. दुकानात मिळतात ते चिरोटे नव्हेतच, साखर लावलेल्या पुऱ्या आहेत, असं ललिताचं स्पष्ट मत. ते ती समोर दुकानदार असला तरी ऐकवायची.

ती मूळची हरसूलची. लग्न होऊन नाशकात आली आणि नवरा सोमनाथ अंबडच्या कारखान्यात पाळ्या करत असताना एका आचाऱ्याच्या बायकोबरोबर लग्नाच्या मांडवांत राबू लागली. चिरोटे तिथेच शिकली. त्या बाईने तिला कितीतरी दिवस साट्याला हात लावू दिला नाही. साटा म्हणजे दोन पोळ्यांच्या मध्ये माखायचं तूप. परातीत घट्ट तूप घ्यायचं, गार पाण्याचा शिपका मारत तळहाताने फेसत राहायचं, लोण्यासारखं पांढरं झालं की त्यात तांदळाची पिठी मिसळायची. मनगट दुखायला लागतं, पण थांबून चालत नाही. मिक्सरमधून काढा की, असं कुणा शेजारणीने सुचवलं तर ललिता तिला पुन्हा रेसिपी सांगायची नाही.

राकेश तिचा एकुलता एक. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. दिवाळीत कढईशेजारी उभा राहून तुटलेले चिरोटे गरम गरम पळवायचा, वर म्हणायचा, “आई, चांगले चांगले लोकांना आणि मोडकेतोडके मला, सावत्र आहे का गं मी?” ती झारा उगारायची. मनातून तिला हे फार आवडायचं, म्हणून दरवर्षी थोडे मुद्दाम मोडायची.

गेल्या वर्षी श्रावणात तो मित्रांबरोबर त्र्यंबकच्या पुढे एका धबधब्यावर गेला. वरून एकदम लोंढा आला. बाकीचे झाडाला धरून वाचले, राकेश गेला. खाली पार धरणापर्यंत शोधलं, पण अंग सापडलं नाही.

आणि अंग सापडलं नाही म्हणजे तो गेला नाही, असं ललिताने ठरवलं.

ज्या घरात माणूस गेलं त्या घरात त्या वर्षी दिवाळीला कढई चढत नाही. तळणाचा वास त्या घरातून येऊ नये. शेजारीपाजारी, नातेवाईक मंडळी आपल्या घरचा फराळ झाकून आणून देतात. गेल्या दिवाळीला बिल्डिंगमधल्या बायका तशीच ताटं घेऊन जिना चढल्या. ललिता दार अडवून उभी राहिली. “आमच्या घरातलं कोण गेलंय?” तिने विचारलं. ताटं आली तशी परत गेली. मग तिने घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, कढई चढवली आणि चिरोट्यांचा वास पार रस्त्यापर्यंत जाईल असं तळण केलं. कढई चढली म्हणजे राकेश आहे. एवढं एकच तिच्या हातात होतं आणि ते ती कुणाला काढून घेऊ देणार नव्हती.

सोमनाथला खरं काय ते माहीत होतं. त्या पाण्याच्या काठावर पोलिसांबरोबर तो उभा होता, पाण्याचा जोर त्याने डोळ्यांनी पाहिला होता. मनाने तो वाईट माणूस नव्हे. पण अवघड बोलणं आलं की ते उद्यावर ढकलायचं ही त्याची जुनी खोड. बायकोच्या बाबतीत हा उद्या वर्षभर उगवला नाही. यंदा पितृपक्षात तो म्हणाला, “ताईकडे देवळ्याला जाऊन येतो, कांद्याच्या रोपाचं बघायचंय.” परत आला तेव्हा त्याच्या पिशवीत ओला पंचा निघाला. शेतावर गेलेल्या माणसाच्या पिशवीत ओला पंचा कशाला? ललिताने तो पिळला, दोरीवर वाळत घातला आणि काही विचारलं नाही. तिनेही वेळ मारून नेली, हे सांगायलाच हवं.

वसुबारसेची दुपार होती. सोमनाथ पहिल्या पाळीला गेला होता. ललिताने रवा-मैद्याचं पीठ कुटून मऊ केलं, पातळ पोळ्या लाटल्या, एकीवर एक ठेवत प्रत्येकीला साटा माखला, घट्ट वळकटी केली आणि सुरीने तुकडे पाडले. प्रत्येक तुकडा हलक्या हाताने, एकाच दिशेने लाटायचा. लाटण्याचा जोर जास्त झाला की पदर चिकटतात आणि मग कितीही तळा, सुटत नाहीत. तूप तापलं. तिने पहिला चिरोटा सोडला, वरून झाऱ्याने तूप उडवू लागली. पदर उमलायला लागले तेवढ्यात बेल वाजली.

दारात विमलाबाई, सोमनाथची थोरली बहीण, थेट देवळ्याहून आलेली. हातात मोठा स्टीलचा डबा. त्यांनी चपला काढल्या आणि नाकाला वास लागला तशा उंबऱ्यातच थांबल्या.

“हे काय चाललंय गं?”

“चिरोटे, ताई. या ना आत, गरमच खा.”

“ललिता, अगं किरिया होऊन महिना-दीड महिना झाला नाय, अन् तू कढई लावून बसली? म्हणून तर एवढा डबा उचलून आणला मी. दुःखाच्या घरी तळण करू नाय, हे तुला मी सांगायचं व्हय?”

“कसली क्रिया?”

विमलाबाईंचा चेहरा उतरला. “सोमनाथ बोलला नाय तुला? आम्ही त्रंबकला गेलो व्हतो... घरी गेल्या गेल्या सांगतो म्हणला व्हता.” आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्या बोलत राहिल्या. “अंग सापडलं नाय, म्हणून दर्भाचा पुतळा केला. गुरुजींनी सांगितलं तसा अग्नी दिला. लय रडला गं सोमनाथ.”

कढईत चिरोटा करपायला लागला होता. ललिता आत गेली, तो काढून बाजूला टाकला आणि दुसरा सोडला.

“पुतळ्यालाच दिला ना अग्नी?” ती पाठमोरीच म्हणाली. “गवत जळलं ते, ताई. माझा पोरगा नाही जळला.”

ती तळत राहिली. विमलाबाई डबा मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या. वाईट त्यांचं काहीच नव्हतं. रीत पाळायला आलेली बाई, भावाच्या भित्रेपणाची शिक्षा मात्र ललिताला तिच्या हातून झाली.

सोमनाथ पाळीवरून आला, बहिणीला आणि डब्याला पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

“सांगणार होतो,” तो म्हणाला.

ललिताने मागे पाहिलं नाही. “पिंड ठेवला होता?”

“ठेवला.”

“मग कावळा शिवला नसेल.”

हे ती अगदी खात्रीने म्हणाली. तिच्या वडिलांच्या वेळी कावळे झाडावर बसून राहिले होते. नातवंडांना सांभाळू, गाय विकणार नाही, असं आईने हात जोडून सांगितलं तेव्हा कुठे एक खाली उतरला. गेलेल्या माणसाचा जीव ज्यात अडकतो ते त्याला मिळाल्याशिवाय पिंडाला चोच लागत नाही. आणि राकेशचा जीव कुणात अडकणार? ज्या सकाळी गेला त्या सकाळीही तो म्हणाला होता, यंदा दिवाळीत दुकानातल्या पोरांसाठी चिरोट्यांचा वेगळा डबा कर. नक्कीच शिवला नसेल. म्हणजे एक तर तो जिवंत आहे, नाहीतर आईसाठी थांबला आहे. यातलं काहीही खरं निघालं तरी ललिताला चाललं असतं.

सोमनाथने मान वर केली. वर्षभरात बायकोला सांगण्यासारखं एक तरी चांगलं आपल्यापाशी आहे, असं त्याला वाटलं असावं.

“शिवला गं,” तो घाईने म्हणाला. “पिंड ठेवून मागे सरकलो नाही तोच शिवला. बाकीचे लोक कधीचे हात जोडून बसले होते, आपल्या पोराला क्षणभरही लागला नाही. विचार ताईला. गुरुजी म्हणाले, कशात काही अडकलं नव्हतं त्याचं. सुटला तो.”

विमलाबाईंनी मान हलवली. “लगेच शिवला,” त्या म्हणाल्या. “लय पुण्यवान पोर.”

ललिता वळली. तिच्या हातातल्या झाऱ्यातून तूप फरशीवर ठिबकत होतं.

“काहीच मागितलं नाही त्याने?”

“काहीच नाही.”

“माझ्याकडूनसुद्धा नाही?”



तिने गॅस बंद केला. कढईतला चिरोटा अर्धाकच्चा तसाच तुपात राहिला आणि लाटलेले बाकीचे ताटात पडून राहिले. ती फरशीवर बसली, नणंदेच्या मांडीवरचा डबा ओढून घेतला, झाकण काढलं, आणि दुसऱ्या घरी तळलेली एक करंजी उचलून, मोठ्याने रडत, खायला लागली.