झाकणाच्या आतली सही

गेल्या महिन्यात पुण्याहून एक गृहस्थ आमच्या देवबागच्या घरी आले. घरी बनवलेली जुनी मॉडेल डिझेल इंजिनं जमवायचा त्यांना नाद. मुठीत मावणारं इंजिन, ना प्लग ना बॅटरी. नुसत्या दाबानं पेटतं. त्यांनी डब्यातून एक काढलं आणि मी म्हटलं, हे आमच्याच घरातलं.

माझे यजमान होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे आणि हौसेनं लेथवर असली इंजिनं घडवायचे. पहिलंच इंजिन त्यांनी पुण्याला निघालेल्या मित्राला दिलं होतं. हे ऐकूनच पाहुणे आले होते, पण पटत मात्र नव्हतं. शिक्का कुठेच नाही आणि काम एवढं सफाईचं, म्हणजे विलायती कारखान्यातलं असणार, असं त्यांचं मत. ते इंजिन प्रदर्शनात मांडणार होते आणि शेजारच्या चिठ्ठीवर तसंच लिहिणार होते. माझ्या डोळ्यांदेखत नवऱ्याची कारागिरी विलायतेला निघाली होती.

मी सांगितलं, मागचं झाकण उघडा. आतल्या बाजूला गोल गोल ओरखडे असतील, नारळाच्या सोडणाचे.

आता हे मला कसं ठाऊक? तर त्या काळी या घरात एक नवी सून होती. शिक्षण सातवी, तोरा कलेक्टरचा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, म्हणून यजमानांनी आदल्या दिवशी हेच इंजिन सुटं करून पाटावर मांडलं. सूनबाईंना ते तेलकट, काळं दिसलं. देवापुढे असं ठेवायचं? तिनं चुलीतली राख घेतली, सोडण घेतलं आणि समई घासावी तसा एकेक भाग घासला. पिस्टन तर असा चमकवला की त्यात तोंड बघावं. वर सासूला नेऊन दाखवला, कौतुक करून घ्यायला.

पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात केसाएवढीही फट चालत नाही, हे त्या शहाणीला नंतर कळलं. इंजिन दाबच धरेना, पेटणार कुठून? सहा महिन्यांचं काम अर्ध्या तासात गेलं. मी माहेरी जायची पिशवी भरून बसले. ते ओरडले नाहीत. नवा पिस्टन केला. झाकणावरचे ओरखडे मात्र घालवले नाहीत.

"ऱ्हवांदे गो," म्हणाले, "ती तुझी सही."

पाहुण्यांनी स्क्रू काढले, झाकण खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. गोल गोल ओरखडे तिथेच होते. मग खिशातून पेन काढून यजमानांचं पूर्ण नाव विचारलं. मी गावासकट सांगितलं, आणि लिहिलेलं वाचून दाखवायला लावलं.

"आणि ओरखड्यांचं काय लिहू, आजी?"

"लिहा, बायकोनं घासलं."

झाकण बसवून त्यांनी रॉकेल, एरंडेल आणि ईथरचं मिश्रण घातलं, पुढचा पंखा बोटानं दोन-चारदा फिरवला. ओटीवर तोच जुना वास पसरला आणि इंजिन कडकडत सुरू झालं. थांबलं तेव्हा सगळीकडून तेल ठिबकत होतं. मी पुसायला फडकं उचललं, तशी पाहुण्यांनी ते झटकन स्वतःकडे ओढलं.