शिलाहारांचा शेवट, ए विंगच्या पार्किंगमध्ये

निवृत्त झाल्यावर कुणाचे वडील हास्यक्लबात जातात, कुणाचे शेअर बाजारात हात पोळून घेतात. आमच्या बाबांनी एक राजघराणं पाळलं. उत्तर कोकणचे शिलाहार. बोरिवलीच्या आमच्या छोट्या घरात ते असे काही येऊन राहिले, की पोह्यांवर खोबरं पेरताना आई विचारायची, "आज कोण आहे गादीवर?"

बाबा लगेच सुरू. शिलाहार आधी दुसऱ्यांचे मांडलिक कसे होते, वरची मोठी सत्ता ढासळल्यावर स्वतःच्या पायांवर कसे उभे राहिले, ठाण्याला राजधानी, बंदरांत परदेशी गलबतं, अंबरनाथचं देखणं शिवमंदिर. चार-साडेचारशे वर्षं टिकलं ते घराणं. "आणि आपली बिल्डिंग आत्ताच गळायला लागली," हे वाक्य ते दर वेळी जोडत, तेही सेक्रेटरींना ऐकू जाईल अशा बेताने. मी लग्न होऊन मुलुंडला गेले तेव्हा त्यांना खरा आनंद झाला तो मुलगी राजधानीच्या वेशीवर पडली याचा. जावयाची नोकरी वगैरे नंतर.

आई या सगळ्यांना 'तुमच्या माहेरची माणसं' म्हणायची.

घरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ, एकसर गावात, जुने वीरगळ उभे आहेत. लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे हे दगड. त्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे, वल्ह्यांच्या रांगाच रांगा. येणारे-जाणारे देव समजून हार घालतात. ती लढाई नेमकी कोणाची, यावर जाणकारांत वाद आहे; बाबांनी मात्र तो स्वतःपुरता केव्हाच मिटवला आहे. ही शिलाहारांची शेवटची लढाई. देवगिरीचे यादव हत्ती घेऊन कोकणात उतरले, जमिनीवर शिलाहार हरले, राजा जहाजावर चढला आणि समुद्रात बुडाला. तिथे घराणं संपलं. एवढं सांगताना बाबांचा आवाज बसायचा, आणि आई नि मी एकमेकींकडे न बघता हसू दाबायचो. साडेसातशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं सुतक पाळायचं तरी किती?

गेल्या वर्षी सोसायटीच्या गणपतीला देखावा काय करायचा यावर नेहमीचं भांडण झालं आणि दमलेल्या कमिटीने बाबांचा शिलाहारांचा देखावा मंजूर केला. थर्माकोल बंद, त्यामुळे वॉशिंग मशीनच्या खोक्यांची जहाजं झाली. यादवांचे हत्ती फ्रिजच्या खोक्यांतून निघाले. समुद्र म्हणून निळं कापड. जुन्या टेबलफॅनची मोटर लावून अशी सोय केली की बटण दाबलं की राजाचं जहाज तिरकं होईल, हळूहळू खाली जाईल आणि वर कापड पसरेल. निवेदन रेकॉर्ड करायचं होतं, पण बाबा दर वेळी त्यात नवं काही घुसडायचे. शेवटी माइक आणि बटण दोन्ही त्यांच्याच ताब्यात दिलं.

मी गणपतीसाठी माहेरी आले होते. रंगीत तालमीला जहाज झकास बुडालं आणि कमिटीचे चेहरे पडले.

"काका, राजा बुडतो?" चेअरमन म्हणाले. त्यांना खोकी कापण्याच्या नादात गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती.

"बुडतो म्हणजे? बुडालाच."

"अहो पण बाप्पासमोर? अशुभ दिसतं ना. पब्लिक जिंकलेलं बघायला येते, यार. थोडं अ‍ॅडजस्ट करा. हत्ती मागे घ्या, राजाला जिंकवा. कुणाला काय कळणार आहे?"

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. बाबांनी माइक खाली ठेवला. "कुणाला कळणार नाही म्हणून तर मी सांगतोय," एवढंच म्हणाले आणि घरी निघून आले. जेवले नाहीत. खोटा विजय दाखवायचा असेल तर मला त्यात धरू नका, असं त्यांनी आईच्या तोंडून चेअरमनना कळवलं. मी आधी नेहमीप्रमाणे हसले. मग त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मला वाईट वाटलं. ज्या राजाची या अख्ख्या उपनगरात कुणाला पडलेली नाही, त्याचं मरणसुद्धा त्यांच्याच बिल्डिंगमध्ये काढून घेतलं जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. बाबा गेले नाहीत. आई गेली. आजवर ती सोसायटीच्या मीटिंगला फक्त पाण्याच्या टाकीसाठी गेलेली, म्हणून मीही मागोमाग गेले. चेअरमननी पुन्हा अशुभाचं काढलं.

"अहो," आई म्हणाली, "ज्याला दहा दिवस डोक्यावर घेतो, त्याला शेवटी आपणच पाण्यात सोडून येतो ना? वाजतगाजत? तेव्हा कोण अशुभ म्हणतं?"

चेअरमननी मान खाजवली. राजाला बुडायची परवानगी मिळाली. अट एकच, शेवटी 'गणपती बाप्पा मोरया' व्हायला हवं.

पहिल्या संध्याकाळी ए विंगचं पार्किंग भरलं. बाबा इस्त्रीचा झब्बा घालून बटणाजवळ उभे. त्यांनी घराणं असं उभं केलं की रांगेतली माणसं मोबाइल खिशात घालून ऐकायला लागली. राजधानी आली, मंदिर आलं, गलबतं आली. मग हत्ती आले. राजा जहाजावर चढला. आता बटण. पण बाबा पुन्हा अंबरनाथच्या मंदिरावर गेले. तिथलं कोरीवकाम सांगितलं. मग बंदरात गलबतांतून उतरणारे घोडे. चेअरमन लांबून हातवारे करत होते, रांग गेटबाहेर गेली होती. मी मागून बघत होते. बाबांचं बोट बटणावर होतं, पण दाबत नव्हतं. ज्यासाठी एवढं भांडले, तेच त्यांच्याच्याने होईना. या वेळी हसू दाबण्याचा प्रश्नच नव्हता.

आई खुर्चीवरून उठली. पदर सावरत त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, तरी माइकमधून ते सगळ्यांना ऐकू आलं, "किती लढवाल त्याला? दमला असेल तो. जाऊ द्या आता."

आणि त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवून तिने बटण दाबलं.