जितकी कमी तितकी बरी

डोंगरकडा गावच्या आमच्या आत्याकडे जावयालासुद्धा फिका चहा मिळे. साखरेची बीमारी निघाल्यापासून तिनं साखरेचा डबाच घराबाहेर काढला होता. लग्नात जिलेबी दिसली की नाकाला पदर लावायची. "वैरीण हाय ती माही," म्हणायची.

बोट टोचून साखर बघायचं यंत्र मीच तिला आणून दिलं. आकडा उतरला की खूश! डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं, की सत्तरच्या खाली जाणंही धोक्याचं. घाम आला, थरथर सुटली की लगेच गोड खायचं आणि साखरेची ही गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही. बाहेर येताच आत्या म्हणाली, "डाक्टरला काय कळतं? वैरीण जितकी कमी तितकी बरी." तिच्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

महाशिवरात्रीला तिला घेऊन औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो. रांग पार बाजारापर्यंत आलेली. सावलीत उभ्या आत्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले.

"आत्या, सकाळी काही खाल्लं का?"

"निरंकार उपास हाय."

"आणि गोळी?"

"गोळी कशी चुकवीन?"

शेजारच्या दुकानातून पेढा आणला, तर तिनं दात आवळले. "मारून राहिला का मला?" मग तिची नजर फिरली. मला माझे वारलेले वडील समजून ती म्हणाली, "दादा, घरी चाल."

दुकानातल्या बाईनं घाईनं तांब्याभर पाण्यात मूठभर साखर ढवळली. मी तांब्या पुढं केला. "आत्या, तीर्थ हाय. नागनाथाचं."

तसल्या अवस्थेतही तिचा उजवा हात पुढं आला. तळवा खोलगट झाला. अर्धं पदरावर सांडलं, अर्धं पोटात गेलं. मी पुन्हा ओतलं, पुन्हा ओतलं. हळूहळू घाम ओसरला आणि तिनं मला माझ्या नावानं हाक मारली. मला रडूच आलं.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. परतताना आत्या म्हणाली, "नागनाथाचं तीर्थ एवढं गोड काहून रे?" पुढं मात्र तिच्या पदराच्या गाठीला कायम खडीसाखर असायची.

यंदा आत्या गेली, म्हातारपणानं. शेवटच्या घटकेला मी तीर्थाची पळी तिच्या ओठांशी नेली. या वेळी ते खरंच नागनाथाचं होतं. तिचा हात काही पुढं आला नाही.