हुर्र पथक

हुर्रकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही पटकन आठवत नाही. युद्धाच्या काळात गावाबाहेरच्या लष्करी विमानतळावर ते पाखरं हाकायला होते. विमान उतरायच्या आधी धावपट्टीवर पळायचं, पत्र्याचा डबा बडवायचा आणि पोटातून ओरडायचं, हुर्र. काका आणि त्यांचा जोडीदार, दोघंच. एका संध्याकाळी जोडीदार पाखरं उडवून वळला आणि त्याला बाजूला व्हायला वेळच मिळाला नाही. पाखरं वाचली, विमान वाचलं, तो गेला.

विमानतळ कधीच बंद पडला. आता तिथे काळ्या दगडाचं स्मारक झालंय. लढाऊ तुकड्या कोरल्या, दुरुस्तीवाले कोरले, भटारखाना पण कोरला. पाखरंवाले नाहीत.

काका समितीच्या सेक्रेटरीकडे गेले. हा रिटायर्ड साहेब, मिशीलासुद्धा कंगवा लावणारा.

"काका, दोन माणसांची कुठे तुकडी असते का?"

"तो मेला तेव्हा निम्मी तुकडी मेली, साहेब. तुमच्यात कुणाची मेली एवढी?"

"बघू," साहेब म्हणाला. म्हणजे नाही.

काका भांडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पिशवीभर दाणे घेऊन फिरायला निघाले.

"अहो, जन्मभर त्यांच्या मागे डबा घेऊन धावलात," काकू म्हणाल्या, "आणि आता जेवायला घालताय?"

"माफी मागतोय त्यांची."

"तुम्ही? माफी?"

थोड्याच दिवसांत गावातली झाडून सगळी कबुतरं स्मारकावर राहायला आली. काळा दगड पांढरा झाला. साहेबाने तो धुऊन घेतला, वर प्लास्टिकचं घुबड बसवलं. कबुतरं घुबडाच्या डोक्यावर बसली. अनावरण तोंडावर आलं तसा साहेब काकांच्या दारात हजर. मिशी विस्कटलेली.

"काका, तुम्हीच काहीतरी करा."

"मी एकटा काय करणार? माझी तुकडी कुठे आहे?"

काकू पदर तोंडाला लावून आत पळाल्या. साहेबाच्या डोक्यात प्रकाश पडला.

"बरं, कोरतो. पक्षी निवारण पथक."

"ते कोण? आम्हाला सगळे हुर्र पथक म्हणायचे. तो हुर्र म्हणतच गेला."

साहेबाने विस्कटलेली मिशी बोटांनी सारखी केली. मग म्हणाला, "ठीक आहे. हुर्र."

काकांनी दाणे बंद केले, पण ते कबुतरांना कोण सांगणार? अनावरणाला ती पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांसारखी दगडावर बसून होती. साहेब माइकवर एकेक तुकडी वाचत शेवटच्या ओळीवर आला आणि पुटपुटला, "हुर्र पथक."

एकही पाखरू हललं नाही.

"असं नाही, साहेब," काका खुर्चीतून म्हणाले. "तो पोटातून ओरडायचा."

साहेबाने काकांकडे बघितलं. छाती भरून घेतली आणि माइक फुटेल असा ओरडला, "हुर्र."

सगळा थवा एकदम उठला. काका मान वर करून बघत राहिले, डोळे पुसायचंही भान नाही. तेवढ्यात वरून एक ठिपका बरोब्बर त्यांच्या कोटावर पडला, छातीवर, डाव्या बाजूला.

काकूंनी रुमाल काढला, मग परत ठेवून दिला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पदक आहे ते."